सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान येतं, पण टिकत का नाही? आणि या धंद्यात पैसा नेमका कुठं आहे?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं प्रश्न विचारलाय. बीबीए झालाय, घरी शेती आहे. प्रश्न थोडक्यात असा: "काका, विमान कंपन्यांच्या धंद्यात पुढं संधी जास्त की धोके जास्त? आमच्याकडं सांबऱ्याला नवीन विमान सुरू होतं, पेपरात फोटो येतो, आणि काही दिवसांनी बंद झाल्याची बातमी. मला तिकिटाची किंवा कार्गोची एजन्सी काढायची आहे. धाकटा भाऊ बारावी सायन्स झालाय, त्याला पायलट व्हायचंय आणि बाबा त्यासाठी जमीन काढायला तयार आहेत. मामांचं उद्यमबागेत सीएनसीचं वर्कशॉप आहे, ते विमानाचे पार्ट करायचं म्हणतात. कुणी काय करावं?"

एका घरातले तीन बेत आहेत आणि तिघांचं उत्तर वेगळं आहे. मी आधी स्टेशनवर होतो, नंतर बरीच वर्षं नेटवर्कच्या टेबलावर. कुठलं विमान कुठल्या गावाला किती वाजता पाठवायचं हे ठरवणारं ते टेबल. तिथून जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, बेळगावला प्रवासी नाहीत म्हणून विमान बंद होतं, हे डोक्यातून काढ. तीन-चतुर्थांश भरून जाणारी फेरीसुद्धा बंद होते. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून वडापवाला सहसा तोट्यात जात नाही. विमान मात्र दहा माणसं असली तरी वेळेवर सोडावं लागतं, कारण पुढच्या गावात त्याच विमानाची वाट बघत दुसरी माणसं उभी असतात. आणि सुटलेल्या विमानातली रिकामी सीट उद्या विकता येत नाही.

आकडे घालून बघू. हे ढोबळ आहेत, हिशेब कळण्यापुरते. समजा ७८ सीटचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, बेंगळूरला निघालंय आणि त्यातल्या ५८ सीट भरल्यात. कर आणि विमानतळाची फी सोडून तिकिटामागं कंपनीच्या हातात ३,५०० रुपये पडले, म्हणजे दोन लाख तीन हजार. एक तास वीस मिनिटांच्या फेरीला अकराशे लिटर इंधन लागलं आणि दर ९० रुपये धरला, तर ९९ हजार तिथंच गेले. उरले एक लाख चार हजार. आता विमानाचं भाडं. आपल्या देशातली बहुतेक विमानं कंपनीच्या मालकीची नसतात, भाड्याची असतात, आणि भाडं डॉलरमध्ये जातं. समजा महिन्याला दीड लाख डॉलर, डॉलर ९० रुपयांचा. झाले १ कोटी ३५ लाख. विमान महिन्यात २५० तास उडालं तर तासाला ५४ हजार, म्हणजे या फेरीच्या वाट्याला ७२ हजार. उरले ३२ हजार. त्यात दोन पायलट, दोन केबिन क्रू, इंजिनच्या देखभालीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, ग्राउंड हँडलिंग, नेव्हिगेशनचे पैसे आणि वरचं ऑफिस. भागत नाही, हे तुलाही दिसतंय.

आता तेच विमान २५० ऐवजी २०० तास उडालं असं धर. प्रवासी तेवढेच, तिकीट तेवढंच, पण भाड्याचा वाटा ७२ वरून ९० हजारांवर जातो आणि खाली उरतात १४ हजार. ५८ प्रवाशांपैकी एकानंही काही वेगळं केलेलं नाही. म्हणून नेटवर्कच्या टेबलावर पहिला प्रश्न "लोड किती", म्हणजे किती सीट भरल्या, हा नसतो. "हे विमान दिवसाला किती तास हवेत आहे" हा असतो. बेळगावची फेरी घातल्यानं विमान दुपारी दोन तास कुठंतरी उभं राहत असेल, तर ती फेरी भरून जात असली तरी तिच्यावर लाल रेघ पडते. उलट सकाळी बेंगळूरला रिकामं उभं राहणारं विमान सांबऱ्याला जाऊन वेळेत परत येत असेल, तर कमी लोडवरही ते चालवतात. आपल्याकडं अनेकदा उन्हातान्हातली, ना कामाला जायच्या ना कामावरून परतायच्या सोयीची वेळ मिळते, ती यामुळंच. दुसरीकडच्या वेळापत्रकातून उरलेली वेळ आपल्या वाट्याला येते.

डॉलरची गंमतही याच हिशेबात बघून घे. ८५ चा डॉलर ९० झाला की एका विमानामागं महिन्याला साडेसात लाख रुपये जादा जातात. तिकिटाची कमाई रुपयात, भाडं आणि सुटे भाग डॉलरमध्ये. इंधनाचा दर जगाच्या बाजारावर, आणि त्यावर राज्याचा व्हॅट, कारण विमानाचं इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणजे खर्चाचे तीन सर्वांत मोठे आकडे मालकाच्या हातात नाहीत. आयाटा ही जगभरातल्या विमान कंपन्यांची संघटना. तिच्या अंदाजानुसार २०२५ सारख्या बऱ्या वर्षातही जगभरात सरासरी एका प्रवाशामागं निव्वळ नफा सात-आठ डॉलरच आहे. एवढ्या बारीक फरकावर चालणाऱ्या धंद्यात एखादा पावसाळा वाईट गेला की वर्षाचा ताळेबंद बिघडतो.

जाता जाता एक बारीक गोष्ट, कारण ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. आपल्याकडं येणाऱ्या इंडिगोच्या एटीआरला ७८ सीट का, आणि स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ ला ७६ च का? देशातल्या ८० पेक्षा कमी सीटच्या विमानांना लँडिंग चार्ज माफ आहे. सांबऱ्याला येणाऱ्या विमानाचा आकार सरकारी नियमाच्या त्या एका ओळीशी बांधलेला आहे. मोठं ए३२० इथं उतरत नाही असं नाही. इंडिगोनं ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीची फेरी त्यावरच सुरू केली. सुमारे २,३०० मीटरच्या धावपट्टीवर ते बसतं. पण १८० च्या आसपास सीट रोज भरायच्या म्हणजे गाव तेवढं मोठं लागतं.

आता सांबऱ्याची चढउतार. हा विमानतळ १९४२ चा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेला. उत्तर कर्नाटकातला हा सर्वांत जुना. सप्टेंबर २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, आणि पुढच्याच वर्षी स्पाइसजेटनं बेळगावची उड्डाणं हुबळीला हलवली. लोकांनी त्याला राजकारण म्हटलं. असेलही थोडं, पण कागदावरचं कारण साधं होतं: छोट्या गावांना अनुदानावर विमान देणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत हुबळी होती आणि बेळगाव नव्हतं. आपल्याकडं आधीच विमानं चालू होती, म्हणून आपल्याला अनुदानाची गरज नाही असं धरलं गेलं. चालू असलेल्या गावाचं नुकसान करून बंद असलेल्या गावाला विमान मिळालं.

उडानची रचना समजून घे, कारण संधी आणि धोका दोन्ही तिच्यात आहेत. निम्म्या सीट ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये. त्यात जो तोटा येईल तो तीन वर्षं सरकार भरून देणार, त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कुणाला सवलत नाही, इंधनावर व्हॅट एक टक्का, लँडिंग-पार्किंग माफ. जानेवारी २०१९ मध्ये योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावला बरेच मार्ग मिळाले आणि इथं खरोखर चैतन्य आलं. स्टार एअर, ट्रूजेट, अलायन्स एअर, इंडिगो. हैदराबाद, तिरुपती, म्हैसूर, कडप्पा, इंदूर, अहमदाबाद, सुरत, जोधपूर. त्या काळात आमच्या ओळखीतले लोक हुबळीहून बेळगावला विमान पकडायला यायचे.

तीन वर्षं संपली आणि एकेक मार्ग गळत गेला. ट्रूजेट तर २०२२ मध्ये बंदच पडली. हे फक्त आपल्याच नशिबी आलं असं समजू नकोस. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०२३ मध्ये जो अहवाल दिला त्यात तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली, आणि त्यापुढं मार्च २०२३ पर्यंत टिकलेले होते फक्त ५४. माझं मत विचारशील तर योजना वाईट नव्हती. पण चौथ्या वर्षी तिकीट किती असेल आणि ते कोण काढेल, हे निविदा भरताना कुणी विचारलं नाही. अनुदानाच्या भाड्याला सवयलेला प्रवासी पूर्ण भाडं बघून परत राणी चन्नम्मा एक्सप्रेसला जातो.

आणि ही राणी चन्नम्माच बेंगळूरच्या विमानाची खरी स्पर्धक आहे. रात्री झोपायचं, सकाळी बेंगळूरला उतरायचं, हॉटेलचा खर्च वाचला. ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूर–बेळगाव वंदे भारतही चालू आहे, पण ती साडेआठ तास घेते आणि पहाटे निघते. घाईतला माणूस तिच्यात बसणार नाही. पुण्याकडं मात्र गोष्ट उलटी आहे. सप्टेंबर २०२४ ला हुबळी–पुणे वंदे भारत बेळगाववरून सुरू झाली. त्यात हायवेही आहेच. सांबऱ्याला तासभर आधी पोचायचं, लोहगावला उतरून पुन्हा शहरात तासभर घालवायचा, एवढ्या वेळात गाडी कराड ओलांडून गेलेली असते. इतक्या जवळच्या गावाला विमान चालवण्यात मला तरी कधी जीव दिसला नाही.

शेजारचे विमानतळ हा दुसरा मुद्दा. निपाणी-चिकोडीचा माणूस उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरला जातो. कित्तूर-बैलहोंगलकडचा हुबळीला जातो. खुद्द शहरातला माणूस दिल्ली किंवा आखाती देशांसाठी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो, कारण तिथं विमानं जास्त आणि भाडं कमी. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याचा मोपा हा दुसरा विमानतळ चालू झाल्यापासून हे आणखी वाढलंय. नकाशावर बेळगाव जिल्हा मोठा दिसतो. विमानतळाच्या दृष्टीनं तो चार तुकड्यांत कापला गेलाय, आणि राज्याची सीमा त्या कापाकापीत फारशी आड येत नाही. निपाणीच्या माणसानं तिकीट काढताना कुठलं राज्य हा विचार केलेला मी तरी बघितला नाही.

मग टिकतं काय? माझ्या अनुभवात दोन प्रकारचे मार्ग टिकतात. एक, मोठ्या हबला जोडणारे, जिथून माणूस पुढं जातो: बेंगळूर, हैदराबाद, दिल्ली, मुंबई. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. व्यापाराचे जुने धागे असलेली दोन गावं, ज्यांच्यामध्ये रेल्वेनं एक-दोन रात्री जातात. आपल्या बाजारपेठेत राजस्थानी आणि गुजराती व्यापारी किती पिढ्यांपासून आहेत, ते तू गणपत गल्ली आणि रविवार पेठेत बघतोसच. राजस्थानातलं किशनगड म्हणजे संगमरवराची बाजारपेठ. सुरत म्हणजे सूत आणि साड्या, आणि इकडं वडगाव-शहापूर, इचलकरंजीचे विणकर. स्टार एअरचा मालक संजय घोडावत समूह कोल्हापूरकडचा, त्यांना हा भाग आतून माहीत. स्टार एअरनं ५० सीटचं छोटं विमान घेऊन हेच धागे पकडले. मोठी कंपनी दिल्लीत बसून बेळगाव–किशनगड असा मार्ग स्वप्नातही काढणार नाही. त्याशिवाय मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र इथंच असल्यानं जवानांची ये-जा बारमाही आहे.

आता मुंबईचा मुद्दा. मुंबईला विमान हवं ही आपली कायमची मागणी, आणि उत्तर कायम एकच: स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिथल्या सकाळच्या स्लॉटला सोन्याचा भाव. तो स्लॉट कंपनी ७६ सीटच्या बेळगावला देईल की २३० सीटच्या दिल्लीला, तूच सांग. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ चालू झालाय. आपल्यासारख्या गावांसाठी गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोठी संधी आहे असं मी मानतो. ती कंपन्यांकडं मागायला आपल्या व्यापारी चेंबरवाल्यांनी निवेदनाऐवजी आकडे घेऊन जावं. रोज मुंबईला रात्रीच्या खासगी बसनं किती माणसं जातात, त्यातली किती एसी स्लीपरची, कुठल्या वारी गर्दी. नेटवर्कच्या माणसाला हार-तुऱ्यापेक्षा असा एक कागद जास्त आवडतो.

देशपातळीवरची मागणी विचारशील तर शंकाच नको. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या सुमारे १६ कोटी होती, आणि यात जाऊन येणारा एक माणूस किमान दोनदा मोजला जातो. १४० कोटींच्या देशात हे काहीच नाही. म्हणून तर २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली.

पण मागणी होती तेव्हाही कंपन्या बुडाल्या, हे विसरू नकोस. किंगफिशर २०१२, जेट एअरवेज एप्रिल २०१९, गो फर्स्ट मे २०२३. प्रत्येकीचं शेवटचं कारण वेगळं. गो फर्स्टची विमानं अमेरिकी इंजिनं वेळेत न मिळाल्यानं जमिनीवर बसली. त्याच इंजिनाच्या घराण्यातल्या दोषानं पुढं इंडिगोचीही सत्तरच्या वर विमानं उभी राहिली. तिच्याकडं पैसा होता, म्हणून ती तरली. २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आज दहातले नऊ प्रवासी इंडिगो आणि टाटांच्या कंपन्या मिळून नेतात, त्यातही एकट्या इंडिगोकडं साठ टक्क्यांहून जास्त. याचा अर्थ काय ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशानं बघितलं. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. इंडिगोकडं तेवढे पायलट जुळले नाहीत. एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या आणि सरकारनं तिला वेळापत्रक दहा टक्क्यांनी कमी करायला लावलं. अशी दहा टक्के कुणी कमी करायची म्हटलं तर नेटवर्कच्या टेबलावर पहिली नजर दिल्ली–मुंबईवर पडत नाही, छोट्या गावांवर पडते. बेळगावसाठी माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे, इंधनापेक्षाही मोठा: आपल्या विमानाचं भवितव्य ठरवणारी माणसं दोनच खोल्यांत बसतात.



आता घरचं.

तुझी तिकीट एजन्सी. कंपन्यांनी एजंटांचं कमिशन जवळपास शून्यावर आणून बरीच वर्षं झाली. मोबाइलवर तिकीट काढता येणाऱ्या माणसाकडून तुला काही मिळणार नाही. मिळेल ते ग्रुपमधून आणि कटकटीतून. काशी-अयोध्येचा चाळीस ज्येष्ठांचा ग्रुप, उमरा, आखातात कामाला निघालेल्या कामगाराचं इमिग्रेशनचं कागदपत्र, मयताच्या घरचं रात्री अकराचं तिकीट, फेरी रद्द झाल्यावर परतावा मिळवून देणं. लोक याचे पैसे देतात. एक नियम मात्र पाळ: कुठल्याही कंपनीच्या वॉलेटमध्ये दोन-तीन दिवसांच्या विक्रीपेक्षा जास्त रक्कम ठेवू नकोस. "दहा लाख भरा, दोन टक्के जादा देतो" असं आलं की समजायचं, त्या कंपनीला रोखीची घाई आहे. गो फर्स्ट बंद पडली तेव्हा देशभरातल्या एजंटांचे पैसे असेच अडकले.

कार्गोबद्दल तुझा उत्साह थोडा कमी करतो. जुलैतली दुपार डोळ्यांसमोर आण. सांबरा समुद्रसपाटीपासून ७५८ मीटरवर, ढग खाली आलेले. एटीआर उतरतं आणि अर्ध्या तासात परत निघायचं असतं. पायलटला बेंगळूरचं इंधन घ्यायचं असतंच, शिवाय तिथं उतरता आलं नाही तर दुसरीकडं जाण्याइतकं आणि वर घिरट्या घालण्याइतकंही. धावपट्टी ओली, म्हणून उड्डाणाच्या वजनाला मर्यादा. लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशेबाच्या कागदावर, आकडे बसत नाहीत. प्रवासी उतरवता येत नाहीत, त्यांच्या बॅगा शक्यतो नाहीत. मग ट्रॉलीवरच्या खोक्यांकडं बोट जातं: "हे राहू दे, उद्या बघू." त्या खोक्यात कुणाचा कुंदा असतो, कुणाच्या मशीनचा तातडीचा भाग. पार्टीला तू "आज पोचेल" असं सांगितलेलं असतं. छोट्या विमानात मालाला शेवटचा नंबर असतो, आणि पावसाळ्यात तर हमखास. म्हणून सांबऱ्याच्या भरवशावर कार्गो एजन्सी उभी करू नकोस. धंदा आहे तो रस्त्यानं मोठ्या विमानतळापर्यंत. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, ती वाट तयार आहे. बेंगळूर विमानतळावरून नाशवंत मालाची निर्यात मोठी आहे. माल नीट निवडणं, थंड ठेवणं, योग्य खोक्यात भरणं आणि विमान सुटायच्या किती तास आधी पोचवायचा ते जमवणं, हे करणारा विश्वासू माणूस आपल्या भागात कमी आहे. त्यात तुझ्या बीबीएचा उपयोग होईल.

धाकट्याचं पायलट होणं. सांबऱ्यालाच फ्लाइंग स्कूल आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं पाच विमानतळ फ्लाइंग स्कूलसाठी दिले, त्यात जळगावबरोबर बेळगावही होतं. राहण्या-खाण्याचा खर्च वाचेल. पण सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर, आणि नंतर एखाद्या ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. शाळेच्या माहितीपत्रकात दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो. २०२३ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकानं, १,६२२ सीपीएल दिली, तोपर्यंतचा तो उच्चांक. कंपन्यांना पायलट कमी पडतात हे खरं, पण त्यांना कमी पडतात ते अनुभवी कॅप्टन. २०० तास उडवलेली पोरं रांगेत उभी आहेत. म्हणून क्रम उलटा कर. आधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल. डोळे, कान, हृदय, काही निघायचं असेल तर आत्ताच निघू दे. मग घरी बसून अभ्यास करून नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि टेक्निकलचे पेपर द्यायला लाव. याचा सगळा खर्च एका बऱ्या मोटारसायकलच्या आत बसतो. पेपर पास झाले, मेडिकल हातात आलं, की बाबांनी जमिनीचा विचार करावा, आणि तेव्हाही आधी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. स्कूलकडं फी एकरकमी भरू नका. किती तास उडवले तेवढे हप्ते, असा करार लिहून घ्या. शाळेत विमानं किती आणि त्यातली आज उडणारी किती, हे सकाळी आठ वाजता तिथं जाऊन स्वतः बघा. तास न मिळाल्यानं दीड वर्षाचा कोर्स तीन वर्षं लांबतो, आणि तोवर घरची मंडळी खचतात.

मामांचा बेत मला या तिन्हींत सर्वांत भक्कम वाटतो. कारण एअरबसकडं आठ हजारांहून अधिक विमानांच्या ऑर्डर पडून आहेत आणि अडलंय ते पुरवठ्यावर. विमान कंपनी नफ्यात असो वा तोट्यात, विमानाला ब्रॅकेट लागतोच. हत्तरगीला एकस कंपनीच्या एसईझेडमध्ये एअरबस-बोईंगसाठी भाग बनतात, तेही मशिनिंगपासून फोर्जिंग आणि सरफेस ट्रीटमेंटपर्यंत. उद्यमबागेपासून तासाभराच्या आत.

पण मामांनी उद्या सकाळी विमानाचा पार्ट करायला घेऊ नये. पंपाच्या बॉडीत दोन शतांशाचा फरक पडला तर गिऱ्हाईक घासून घेतं. इथं तसं चालत नाही. बार कुठल्या मिलचा, हीट नंबर काय, कुठल्या मशीनवर कुणी कापला, टूल कधी बदललं, हे वीस वर्षांनी विचारलं तरी कागद दाखवता आला पाहिजे. एएस९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी, सीएमएम या अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर मोजणी, आणि मंजुरीला कित्येक महिने. तेवढ्यात पैसा अडकतो. टायटॅनियमचा एक तुकडा बाद झाला तर पंपाच्या कास्टिंगसारखा वितळवून परत ओतता येत नाही.

म्हणून सुरुवात फिक्स्चर, जिग आणि गेजपासून करावी. विमानात न बसणाऱ्या, पण विमानाचा भाग बनवताना लागणाऱ्या या गोष्टी आहेत. त्यांना प्रमाणपत्रांचा एवढा जाच नाही, पैसे लवकर फिरतात आणि मोठ्या कारखान्याच्या क्वालिटीच्या माणसांशी ओळख होते. वर्कशॉपमधल्या दोन पोरांना ड्रॉइंगवरचं जीडी अँड टी, म्हणजे मापात आणि आकारात किती फरक चालेल त्याच्या खुणा, वाचायला शिकवावं. सध्याच्या कामाचेच, म्हणजे पंप-हायड्रॉलिकच्या नगांचे सीएमएम रिपोर्ट बॅचनुसार फाइल करून ठेवायला आजपासून लागावं. हत्तरगीच्या माणसाला मामांची मशीनं नंतर बघायची असतात, ती फाइल तो आधी मागतो.